सांगायचा अधिकार

कामशेतच्या बाजारातल्या लॅबमध्ये मी दर महिन्याला साखर तपासायला जातो. तिथे रक्त घेणाऱ्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. कुणी त्यांना नर्सबाई म्हणतं, कुणी डॉक्टरीणबाई. "डॉक्टर नाही हो, टेक्निशियन," एवढंच त्या मान वर न करता सांगतात. दिवसभर तेच सांगून त्यांचा आवाज दमलेला असतो.

परवा पवना धरणाकडचे एक आबा बायकोचा रिपोर्ट न्यायला आले. तपासणी बाईंनीच केली होती, खाली सही मात्र पॅथॉलॉजिस्टची. आबांनी पाकीट न उघडताच पुढे धरलं. "ताई, तुमीच सांगा. लय वंगाळ हाय का?"

बाईंनी हातमोजे काढले. "आबा, मला सांगायचा अधिकार नाही. डॉक्टरांना दाखवा."

"दाखवू की, भात झोडून झाल्याव."

"नाही आबा. आजच दाखवा."

आबा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग पाकीट खिशात घालून पायऱ्या उतरले.

माझा नंबर आला तेव्हा बाई स्टुलावर बसल्या होत्या. "डिप्लोमा झाला, पदवी झाली," त्या म्हणाल्या, "पण चेहरा लपवायला कुणी शिकवलं नाही."

मग उठून त्या खिडकीशी गेल्या. आबा गावाकडच्या जीपजवळ थांबले, ड्रायव्हरशी काहीतरी बोलले आणि रस्ता ओलांडून दवाखान्याकडे चालू लागले. ते आत जाईपर्यंत बाई तिथेच उभ्या राहिल्या. नंतर माझ्या दंडाला पट्टा बांधून म्हणाल्या, "मूठ आवळा."