खांबेट्यांच्या घरच्या शॉवर कॅप

अमेरिकेतल्या चँडलरच्या आमच्या गल्लीत मनोहर खांबेट्यांइतका सावध माणूस दुसरा नाही. घरातला बल्ब बदलायचा तरी डोक्यावर हेल्मेट. चिप बनवणाऱ्या कारखान्यात विषारी वायूचा सुगावा लावणारी यंत्रं असतात, गॅस डिटेक्टर. त्या सगळ्यांची जबाबदारी त्यांच्यावर. तिथे प्रत्येक मीटिंगच्या सुरुवातीला कुणीतरी सुरक्षेचा एक किस्सा सांगायची पद्धत आहे. मनोहररावांनी ती, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून एकत्र जेवायच्या आमच्या पॉटलकमध्येही आणली. वरण गार व्हायचं, पण किस्सा काही संपायचा नाही.

सिद्धेश त्यांच्याच हाताखालचा इंजिनिअर. नागपूरचा, व्हिसावर आलेला. बायको रेणू गरोदर. त्याने एक डिटेक्टर तपासायला घेतला आणि बायपास केला, म्हणजे तपासणी चालू असताना उगाच भोंगा वाजून कारखाना रिकामा होऊ नये म्हणून तो तात्पुरता बंद ठेवला. तशी परवानगी असते, पण काम झालं की लगेच पुन्हा चालू करायचा असतो. मध्येच दुसरीकडून बोलावणं आलं, हा धावला, आणि डिटेक्टर दुपारभर तसाच आंधळा राहिला. वायू गळला नाही, कुणाला काही झालं नाही. पण मनोहररावांच्या फेरीत ते सापडलं. ताकीद द्यायची की काढून टाकायचं, हे त्यांच्या शब्दावर होतं. त्यांनी काढायला सांगितलं.

"अहो, बाळ येतंय त्यांच्याकडे," मी म्हटलं. "दोन महिन्यांत दुसरा जॉब नाही मिळाला तर बिऱ्हाड गुंडाळून परत जावं लागेल."

"वहिनी, गॅसला व्हिसा कळत नाही," ते म्हणाले.

कपाळ माझं!

शुक्रवारी सिद्धेशची नोकरी गेली आणि शनिवारी खांबेट्यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. आमंत्रण आधीच गेलेलं. मला वाटलं, आता कसला येतोय तो. पण सत्यनारायणाचा प्रसाद कोण नाकारतं? दोघंही आली, खाली मान घालून एका कोपऱ्यात बसली.

होम म्हटला की धूर आला, आणि धूर झाला की छतावरचे स्मोक अलार्म बोंबलायला लागतात. त्यावर इथल्या मराठी घरांचा ठरलेला तोडगा आहे. हॉटेलातून आणलेल्या, आंघोळीत केस झाकायच्या प्लॅस्टिकच्या शॉवर कॅप अलार्मवर चढवायच्या. मनोहररावांनी स्वतः स्टुलावर चढून त्या चढवल्या. होम झाला, कथा झाली, शिरा वाटला. निघताना चपला घालता घालता सिद्धेश म्हणाला, "काका, त्या कॅप काढायच्या राहिल्यात. स्टूल आणू का?"

कालच ज्याला घरी बसवलं, त्याने चारचौघांत हे सांगावं! मनोहररावांचा चेहरा लालबुंद झाला.

"मला सेफ्टी शिकवू नकोस. तू तुझं बघ."

सिद्धेश रेणूला घेऊन निघून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मी तर नुसती बघत उभी होते.

कॅप अर्थातच राहिल्या. रविवारी दुपारी मनोहरराव आणि त्यांच्या पत्नी पद्मिनीवहिनी पूजेसाठी आणलेल्या खुर्च्या परत करायला गेले. मनोहररावांच्या आई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. पूजेमागे लावलेल्या जरीच्या पडद्याला तेवत ठेवलेल्या समईची ज्योत लागली. मी कचऱ्याचा डबा ओढत होते, तेव्हा खिडकीतून धूर दिसला. त्यांच्या गॅरेजचा कोड मला ठाऊक होता, म्हणून आत शिरता आलं. हॉल धुराने भरला होता आणि एकही अलार्म वाजत नव्हता. आजींना मी अक्षरशः ओढत बाहेर आणलं आणि ९११ला फोन केला. त्यांचे ओठ निळे पडले होते.

खांबेटे परतले तेव्हा आजींना अँब्युलन्समध्ये चढवत होते. पद्मिनीवहिनी त्यांच्याबरोबर गेल्या. तेवढ्यात घरातून एक फायरमन वितळलेली कॅप घेऊन आला.

"सर, हे कुणी लावलं होतं?"

"मी."

फायरमनची नजर मनोहररावांच्या टी-शर्टवर गेली. कारखान्याने दिलेला, छातीवर 'सेफ्टी फर्स्ट'. तो सज्जन माणूस नजर वळवून वहीत नोंद करू लागला. मनोहररावांनीच दोन्ही हातांनी ती अक्षरं झाकली आणि सगळ्या गल्लीसमोर तसेच उभे राहिले. इतका शरमलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

आजी वाचल्या, पण हॉस्पिटलात राहावं लागलं. सोमवारी मनोहरराव मीटिंगमध्ये उभे राहिले आणि किस्सा म्हणून स्वतःचीच गोष्ट सांगितली. सिद्धेशने आठवण करून दिली होती आणि आपण त्याला झिडकारलं, हेही सांगितलं. म्हणाले, "त्याला परत घ्या, नाहीतर मलाही काढा." साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. घरचं वेगळं, प्लांटमधलं वेगळं, आणि सिद्धेशचा निर्णय आता बदलणार नाही, असं समजावलं. संध्याकाळी टीमकडून फळांची भलीमोठी टोपली घरी आली.

त्या टोपलीने ते पार खचले. "वहिनी, चूक दोघांची एकच. त्याची नोकरी गेली आणि मला द्राक्षं आली. कुठल्या तोंडाने जाऊ त्याच्याकडे?"

पण गेले. एकट्याने धीर होईना, म्हणून मला बरोबर घेतलं. कुणाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढंच त्यांना आठवलं आणि समोर होती ती टोपली उचलून ते गाडीत बसले. माझ्याही टाळक्यात प्रकाश पडला नाही.

सिद्धेशच्या हॉलमध्ये अर्धवट भरलेले खोके होते. त्याने टोपली हातात घेतली आणि वरचं कार्ड वाचलं. त्यावर टीममधल्या सगळ्यांच्या सह्या होत्या, म्हणजे परवापर्यंत ज्यांच्याबरोबर तो जेवत होता त्यांच्या. मनोहररावांना तेव्हा कळलं, आपण काय आणलंय. ते उठायला लागले, पण सिद्धेशने त्यांना बसवलं.

"आजी कशा आहेत, काका?"

"बऱ्या आहेत. सिद्धेश, माझं चुकलं रे. फार चुकलं."

"माझं पण चुकलंच होतं, काका. फक्त मला कुणी विचारलं नाही, कसा आहेस म्हणून."

रेणू आतून बशी घेऊन आली. पाहुण्याला चहापाणी न करता पाठवायची आपली रीत नाही. तिने त्याच टोपलीतलं सफरचंद चिरून आणलं होतं.

"घ्या ना, काका," ती म्हणाली.

मनोहररावांनी एक फोड तोंडात घातली. ती त्यांना चावता येईना, गिळता येईना, आणि त्या पोरीसमोर बाहेरही काढता येईना.