सरांच्या खांद्यावर

आमचे सर तरुणपणी पैशासाठी बॉक्सिंग लढायचे. डोक्यावर खाल्लेल्या ठोशांनी पुढे त्यांना माणसांचे चेहरेच ओळखू येईनासे झाले. तरी आमच्या देवळी गावात रोज संध्याकाळी कडुलिंबाला सरकीचं पोतं टांगून ते आम्हा मुलींना शिकवायचे.

वर्ध्याला मी पहिली लढत जिंकले, तेव्हा सर धावत रिंगमध्ये आले आणि त्यांनी हरलेल्या मुलीलाच खांद्यावर घेतलं. माझं डोकंच फिरलं! पण सर नाचत होते, ती वर बसून खदखदा हसत होती, लोक शिट्ट्या मारत होते. मग मलाही हसू आवरेना.

तिला खाली उतरवून सर म्हणाले, "जितली व पोरी! पण तुहा डावा हात अजून खाली पडते."

खाली पडणारा डावा हात माझा होता.