त्या ‘पण’चं काय करू?

“वेंधळी आहे, पण हिला सुचतं किती छान,” असं शाळेतल्या बाई आईला म्हणाल्या होत्या. पुढे एडीएचडीचं निदान झालं, तरी मी त्या ‘पण’च्या आधारावरच जगत आले.

आज लेकीला कथकच्या परीक्षेला न्यायचं होतं. ऑफिसातून येताना मेट्रोत कथेचं एक वाक्य सुचलं. भानावर आले तेव्हा आमचं मयूर विहार स्टेशन मागे जाऊन नोएडा आलं होतं.

परतले तर परीक्षेची वेळ टळलेली. लेक घुंगरांची पिशवी मांडीवर घेऊन जिन्यात बसली होती.

“सॉरी नको म्हणूस यार, आई. पुढच्या वेळी बाबाला सांगेन.”

मेट्रोत सुचलेलं ते वाक्यही आता आठवत नाहीये.

प्लीज, खाली कमेंटमध्ये कुणी ‘पण तू लिहितेस किती छान’ असं लिहू नका. तरी तुम्ही लिहालच.