सायकलीवरची तीन लेबलं

अमुक वस्तूची किंमत किती ठेवायची, हे लेबलकाकांना आयुष्यात कुणी कधी विचारलंच नव्हतं. आणि गंमत म्हणजे किमती लावणं हेच त्यांचं काम! साबणापासून सोफ्यापर्यंत सगळं मिळणाऱ्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात, गोडाऊनमध्ये बसून ते लेबलं मारायचे. हातात ते छोटं मशीन, खटॅक, खटॅक, खटॅक. पण आकडा त्यांचा नसायचा. आकडा वरून यायचा, दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसातून. एखादं गिऱ्हाईक चुकून खाली आलं आणि कुरकुरलं, "एवढीशी बादली आणि एवढी महाग?", तर काका मान वर न करता म्हणायचे, "वरून आलंय." विषय संपला. अख्खी नोकरी या दोन शब्दांवर काढली माणसानं.

घरीही तीच तऱ्हा. पडद्याला निळं कापड घेऊ का हिरवं, असं काकूंनी विचारलं की काका इतका केविलवाणा चेहरा करायचे की शेवटी काकूच वैतागायच्या. "राहू द्या. वरून आलं की सांगा."

आणि आता या माणसाला सायकलीची किंमत ठरवायची होती.

सायकल साधीसुधी नव्हती हं. डोंगरात चालवायची, जाड दातेरी टायरची, एकवीस गिअरची. जांभळा रंग, आणि दांड्यावर कंपनीचं नाव पिवळ्या तिरक्या अक्षरांत. काका नवीन नोकरीला लागले तेव्हा ती दुकानाच्या दर्शनी काचेत उभी होती आणि काका तिच्यावर असे काही भाळले की ओव्हरटाइम करकरून त्यांनी ती घरी आणली. शहराच्या मागच्या टेकडीवर जायचं ठरलं होतं. पहिल्या रविवारी वाटलं, चिखल आहे, खराब होईल. दुसऱ्या रविवारी रस्त्यावर खडी टाकलेली दिसली. मग लग्न झालं, मुलगी झाली, आणि सायकल बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर हुकाला लटकली ती लटकलीच. दर रविवारी तिला खाली उतरवायचं, मऊ फडक्यानं पुसायचं, चाकांच्या तारा दात घासायच्या ब्रशनं घासायच्या, चेनला तेल, टायरमध्ये हवा, की परत वर.

काकू तिला सवतच म्हणायच्या. "माझ्या पाठीला बाम चोळा म्हटलं की यांचा हात दुखतो. सवतीला मात्र रोज नवरीसारखी नटवतात!"

"रोज नाही गं," काका म्हणायचे, "रविवारी फक्त."

आता काका रिटायर झाले होते आणि महिनाअखेरीला दोघं मुलीकडे राहायला जाणार होती. मुलीनं खोली मोजपट्टीनं मोजून सांगून टाकलं, "बाबा, तुमचा पलंग बसतो, आईचं कपाट बसतं. सायकल नाही बसत. विकून टाका ना."

विकायला काकांची हरकत नव्हती, खरंच नव्हती. दुखणं वेगळंच होतं. काकू इतकी वर्षं म्हणत आल्या होत्या की हा सगळा खुळेपणा आहे. आता किंमत येणार म्हणजे निकालच लागणार की! चांगली आली तर त्या सगळ्या रविवारांना काहीतरी अर्थ होता. नाही आली, तर काकू बरोबर आणि काका खुळे. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही.

आधी ते कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याला घेऊन आले. त्यानं ब्रेक दाबून बघितले, ओठ मुडपले. "चार हजार, काका. तेही तुम्ही आहात म्हणून. हिचे पार्ट कुठे मिळतात आता?"

तो गेल्यावर काकांनी लेबलाचं मशीन काढलं. रिटायर होताना दुकानातल्यांनी तेच भेट दिलं होतं. खटॅक. चार हजार, दांड्यावर. त्यांना जरा बरं वाटलं. लेबल लागलं की वस्तू कशी मार्गी लागल्यासारखी वाटते.

संध्याकाळी जावई आला आणि लेबल बघून ओरडलाच. "बाबा, काय हे! हे बघा फोनवर, हीच सायकल, चाळीस हजार!"

"हीच?"

"म्हणजे अशीच. ही हिरवी आहे."

"मग ही नाही."

"रंग सोडा हो!"

खटॅक. चाळीस हजार, चार हजारांच्या डोक्यावर.

सकाळी शेजारचे गणिताचे मास्तर डोकावले. "किती वापरलीत?"

"नाही वापरली."

"मग ही जुनी म्हणायची का नवी?"

झालं! काकांचं डोकं पार फिरलं. खरंच की, काय म्हणायचं? जुनी म्हणावी तर टायरचे दात जसेच्या तसे. नवी म्हणावी तर ती मुलीपेक्षा मोठी. दुकानात कसं सरळ असायचं, नव्या मालाला पांढरं लेबल, पडून राहिलेल्याला लाल. हिला कुठलं? शेवटी त्यांनी मधलाच काहीतरी आकडा धरला. खटॅक. बावीस हजार.

काकू झाडू घेऊन मागे उभ्याच होत्या. "सायकल विकताय का लेबलं?"

जावयानं फोटो टाकला आणि रविवारी एक शौकीन गृहस्थ आले. जुन्या वस्तू जमवायचा नाद, खिशात छोटी बॅटरी, कमरेला डॉक्टरनं दिलेला पट्टा. त्यांनी सायकलीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॅटरी मारली, आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "ही तुम्ही चालवलीच नाही?"

"पुसली."

"काय?"

"पुसली. दर रविवारी."

गृहस्थांचे डोळे पाणावले म्हणावे का काय, काकांना कळेना. "बत्तीस देतो," ते म्हणाले. "फक्त ती लेबलं काढा. खालची अक्षरं मूळची आहेत ना, बघू द्या."

बत्तीस! काकांच्या कानात नुसतं बत्तीस बत्तीस घुमत होतं. काकूंना ऐकू गेलं का? आणि त्या नादात त्यांनी जे केलं ना, ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर काकांनीच त्याला फाडून खाल्लं असतं. गोडाऊनमध्ये नव्या माणसाला पहिला धडा हाच द्यायचे ते. छापलेल्या अक्षरांवर लेबल मारायचं नाही, आणि मारलंच तर तेलाचा बोळा फिरवून थांबायचं, ओढायचं नाही. अक्षरांवर मारून तर बसलेच होते, तेही एकावर एक तीन. आता नख घातलं आणि ओढलं.

तर्रर्र.

तिन्ही लेबलं एकदम हातात आली. त्यांच्या पाठीला कंपनीच्या नावातली पहिली तीन पिवळी अक्षरं चिकटलेली.

गृहस्थ खाकरले. "अरेरे. आता मग... अठरा."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "डॅमेज माल."

"काय अठरा?" काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. "तीन अक्षरं गेली म्हणून चौदा हजार कमी? एवढी महाग अक्षरं आमच्या लग्नपत्रिकेत नव्हती हो!"

"अहो वहिनी, मूळची अक्षरं म्हणजे..."

"ते असू दे. मला एक गंजाचा ठिपका दाखवा. दाखवा ना! तुमच्याकडे बॅटरी आहे. मी शोधलाय. दर वर्षी शोधलाय, भांडताना उपयोगी पडेल म्हणून. एकदासुद्धा सापडला नाही. माझ्या बाळंतपणात हा माणूस दवाखान्यातून घरी आला, हिला पुसलं आणि परत आला. मी त्यांना काय काय बोलले ते माझं मला माहीत. पण कामाला नाव ठेवायला जागा नाही. तीस हजार. खाली नाही."

काका काकूंकडे बघतच राहिले. ही चिडली होती का कौतुक करत होती? आणि सवतीची बाजू ही कधीपासून घ्यायला लागली? गृहस्थ काकांकडे वळले. "तुम्ही सांगा काका. शेवटची किंमत?"

काकांनी हातातल्या लेबलांकडे बघितलं, काकूंकडे बघितलं.

"वरून आलंय," ते म्हणाले.

तीस हजारांना सौदा झाला. पैसे काकूंच्या डब्यात गेले. मग नवीनच घोळ. गृहस्थांच्या गाडीत सकाळी घेतलेलं जुनं शिलाई मशीन आडवं पडलेलं, सायकल काही मावेना. कमरेच्या पट्ट्यामुळे त्यांना ढकलताही येईना. घर कुठे, तर टेकडीवर.

"मी आणून देतो," काका म्हणाले.

"हातात धरून हं! बसायचं नाही!"

"मी? छे हो."

"टोपी घ्या," काकू म्हणाल्या. "ऊन आहे."

मग काय, काका सायकल धरून पुढे आणि गृहस्थांची गाडी मागे मागे, बैलगाडीच्या चालीनं. खिडकीतून डोकं बाहेर. "खड्डा! खड्डा बघा! डावीकडे काच आहे काच!" काकांना वाटलं, हा आवाज आपण कुठेतरी ऐकलाय. थोड्या वेळानं लक्षात आलं, हा तर आपलाच!

चढ सुरू झाला. वळणावर एक ट्रक मध्ये घुसला आणि गाडी दिसेनाशी झाली. काकांनी मागे बघितलं, पुढे बघितलं, आणि पाय कधी पलीकडे टाकला त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

पेडल जाम जड. एकवीसच्या एकवीस गिअर त्यांनी पुसले होते, पण कुठला कशासाठी असतो, देव जाणे. त्यांनी एक दांडी ढकलली. कडकड कडकड. दुसरी ढकलली. काहीतरी आत बसलं आणि चढ एकदम हलका झाला. शर्टाच्या खिशात ती तीन लेबलं, पाठीला पिवळी अक्षरं. सायकल आता आपली नाही, हे माहीत होतं. मग एवढं हसू कसलं येतंय? आणि डोळ्यांत पाणी का? घाम असेल.

मागून हॉर्न सुरू झाला. "उतरा! अहो काका, उतरा!"

काकांनी अजून एक गिअर टाकला. चुकीचा पडला. तरी चालली.