मिकोनचा रांजण

आमच्या कोरिंथमध्ये कुणी झेपत नसलेलं काम अंगावर घेतलं, की लोक माझ्या नवऱ्याचं नाव घेतात. त्याची म्हणच झाली आहे!

मिकोन माझ्या वडिलांकडे कुंभारकाम शिकायला आले. बाकीचे वाट्यांपासून सुरुवात करत. या शहाण्यांनी थेट माणसाएवढा धान्याचा रांजण घेतला. खालचा थर सुकल्यावरच वरचा चढवायचा असतो, पण यांना दम कुठला! आत उभं राहून भराभर थर चढवले आणि सगळा ओला रांजण यांच्याच अंगावर बसला.

लोक हसत, तेव्हा हेही हसत. काल मात्र बंदरावरून पाय आपटत घरी आले.

"काय झालं?"

"एक खलाशी माझी गोष्ट सांगत होता. मी म्हटलं, अरे बाबा, तो मिकोन मीच. तर म्हणतो, 'आजोबा, थापा मारू नका. तो ट्रॉयच्या लढाईच्या वेळचा माणूस!' म्हणजे मी मेलोय की काय?"

मला हसू आवरेना. "उद्या मला न्या तिथे," मी म्हटलं. "त्या मेल्याला सांगते, तुम्हाला चिखलातून ओढून काढणारी मीच."

हे चक्क लाजले. कारण त्या दिवशी तोंडातला चिखल थुंकून यांनी मला पहिलं काय विचारलं असेल? "बाकी रांजणाचा घाट बरा होता ना?"

आणि मी, आम्हा कुंभारांची अथेनादेवी क्षमा करो, "छान होता" म्हणाले.

तेवढं मात्र त्या म्हणीत कुणी घातलेलं नाही.