हललेला हात
भूकंपानंतरच्या जानेवारीतला पहिला रविवार, लातूर, आमच्या हौशी फोटो मंडळाची बैठक. हजर: शिंपी मास्तर, घड्याळवाले भाई, शाळेतले सर आणि वहीत चुका टिपणारी मी. दोरीला चिमट्यांनी लावलेल्या फोटोंत सरांनी भूकंपाआधी जत्रेत काढलेला एक होता. पाळण्यातल्या मुलीचा हात हलून धूसर झालेला. भाई म्हणाले, "सर, पोरगी हाय का पंखा?" सगळे हसले, मी वहीत 'बाद' लिहिलं. तेवढ्यात त्याच मुलीची आई फोटो मागायला आली. लेक ढिगाऱ्यात गेली होती, घरातले फोटोही. सर ओशाळून म्हणाले, "मावशी, हात नीट आला न्हाई." तिने फोटोवर बोट ठेवलं. "हाव, अशीच करायची. हात कधी थांबलाच न्हाई तिचा." तो धूसर हात आम्हाला तेव्हा पहिल्यांदा हलताना दिसला. वही अजून कपाटात आहे. त्यातलं 'बाद' खोडायचं राहिलंय.