डबी आठ मिनिटं गप्प हवी

पंपताईला रक्ताची किळस कधीच नव्हती. मोठ्या डॉक्टरांच्या बढायांची मात्र होती. सव्वीस वर्षं ती शस्त्रक्रियेच्या खोलीत हृदय-फुप्फुसाचं यंत्र चालवत होती. हृदय थांबवलं की माणसाचं सगळं रक्त तिच्या नळ्यांतून फिरायचं, तिथेच प्राणवायू घ्यायचं आणि परत अंगात जायचं. पण बाहेर डॉक्टर नाकातून गुणगुणायचे, "मी हृदय थांबवतो नि मीच सुरू करतो!" तोवर ही काय कोपऱ्यात वाटाणे सोलत असते? शी!

आज टेबलावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. बाहेर त्यांची मुलगी. आणि डॉक्टरांचा दुपारी सत्कार, त्यामुळे अंगात वारं शिरलेलं.

भूलवाल्यांनी रक्त गोठू नये म्हणून सलाइनच्या नळीत औषध टोचलं. ताईने थोडं रक्त मोजणीच्या डबीत घातलं. डबी आठ मिनिटं गप्प राहिली पाहिजे. आधी किणकिणली, तर रक्त गोठतंय. तशात पंप लावला तर नळ्यांत रक्ताचं दही आणि बाईंचा जीव गेलाच.

"हं, पंप सुरू!" डॉक्टर म्हणाले.

"साहेब, डबीचा आकडा यायचाय."

"अगं, आकड्याचं काय लोणचं घालायचंय? काय हो, औषध गेलंय ना?"

"गेलंच की," भूलवाले जांभई गिळत म्हणाले.

"ऐकलंस? हिचा स्वतःच्या नाडीवरही विश्वास नाही!"

सगळे मास्कआड खिदळले. सिस्टर तर शेळी शिंकल्यासारखी हसतच राहिली. ताईने नळीवरचा चिमटा काढला नाही.

दोन मिनिटं बारा सेकंद. डबी किणकिणली.

हसणं जागच्या जागी विरलं. भूलवाल्यांनी चादर उचलली. सलाइनच्या नळीची चावी उलटी फिरलेली. औषध बाईंच्या अंगात जायच्याऐवजी वर बाटलीत चढलेलं.

"अरेच्चा!" ते म्हणाले. पेन हरवलं असतं तरी एवढंच म्हणाले असते.

पुन्हा औषध, पुन्हा डबी. या वेळी ती आठ मिनिटं गप्प राहिली. मग ताईने चिमटा काढला. काळसर रक्त आलं, लालभडक होऊन गेलं. दीड तासाने बाईंचं हृदय पुन्हा धडधडू लागलं.

दाराबाहेर मुलगी डॉक्टरांकडे धावली. "एवढा उशीर का झाला हो?"

"आई छान आहे. यंत्र जरा अडलं होतं, मी सांभाळून घेतलं."

मागे उभी असलेली ताई पुढे आली. यंत्र अडलं म्हणे!

"यंत्र नाही अडलं, बाळ," ती म्हणाली. "औषध भलतीकडे गेलं होतं. पंप लावायच्या आधी कळलं. मी सगळं नोंदीच्या कागदावर लिहिलंय."

"ताई, हे काय बोलायची जागा आहे?" डॉक्टर दातांतून पुटपुटले.

मुलीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग ताईकडे.

"आई नक्की ठीक आहे?"

"ठीक आहे," ताई म्हणाली.

"मग तो कागद मला कुठे मिळेल?"